ट्रॉली सरळ कां चालत नाहीं ?

उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टर व त्यांच्या मागील भरलेल्या ट्रॉल्या यांची रीघ लागते. ही रीघ कोणी मागच्या बाजूनें लक्ष देऊन पाहील तर त्यास असें दिसून येईल कीं, कित्येक ट्रॉल्या ट्रॅक्टरच्या पाठोपाठ सरळ न चालतां एका अंगास सरकून चालतात. ट्रॅक्टर डांबरी पट्टीवरून बेतानें चालला असतां ट्रॉलीचें एक चाक बाजूच्या मुरुमांत उतरलेलें असतें, किंवा याच्या उलट, तिचा उजवा कोपरा समोरून येणाऱ्यांच्या वाटेंत वीतभर आलेला असतो. गांवांतील कुत्रें दुडक्या चालीनें पळूं लागलें म्हणजे त्याचे मागचे पाय पुढच्या पायांच्या रेषेंत न पडतां बाजूस पडतात. तशीच ही चाल. धनी ती रोज पाहतो, ड्रायव्हर ती रोज सोसतो, आणि "या ट्रॉलीला तशी खोडच आहे" असें म्हणून दोघेहि स्वस्थ राहतात.

खोड जनावरास असते, लोखंडास नसते. लोखंड वांकडें चालत असेल तर त्यास कारण असतें, व तें कारण बहुतेक वेळां एक पोलादी फीत, एक ओळंबा आणि थोडा खडू एवढ्या साहित्यानें शोधून काढतां येतें. असें असतां आमचे शेतकरी बंधु आधीं टायर बदलतात, मग बेअरिंगें बदलतात, मग ड्रायव्हर बदलतात, आणि अखेरीस ट्रॉली विकून टाकतात. माप मात्र कोणी घेत नाहीं. तें कसें घ्यावें व त्यावरून काय समजावें हें या पाठांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय क्षुल्लक आहे असें कोणास वाटेल. परंतु टायरांच्या जोडीची आजची किंमत ज्यानें खिशांतून दिली आहे त्यास तो क्षुल्लक वाटणार नाहीं. त्याहूनहि मोठी गोष्ट अशी कीं, उसाची वाहतूक रात्रींबेरात्रीं चालते. मोटरसायकलवरून समोरून येणाऱ्या माणसास ट्रॅक्टरचे दिवे दिसतात व त्यावरून तो मागच्या भाराची रुंदी मनांत ठरवितो. ट्रॉली ट्रॅक्टरच्या रेषेंतच असणार असें तो धरून चालतो. ती जर सहा इंच त्याच्या अंगास सरकलेली असेल, तर त्या सहा इंचांत त्याचा गुडघा असतो किंवा हँडल असतें. पाटाच्या कडेनें जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर दुसऱ्या बाजूचें चाक भरावाच्या काठावर जातें, आणि भरलेली ट्रॉली एकदां कलली म्हणजे ती कोणाच्यानें सांवरत नाहीं.

आतां मूळ तत्त्व पाहूं. चाक नेहमीं आपल्या आंसाशीं काटकोन करून पुढें जाऊं पाहतें. आंस म्हणजे गॅरेजवाले ज्यास ॲक्सल म्हणतात तो. बैलगाडीचा आंस साट्याखालीं तिरपा बसला तर गाडी एका बैलाच्या अंगावर जाऊं पाहते व त्या बैलाच्या खांद्यास जूं घासूं लागतें. जुन्या काळीं ही चूक फार दिवस लपून राहत नसे, कारण आठ दिवसांत बैलाचा खांदा सुजे व धनी गाडी सुताराच्या दारांत नेऊन उभी करी. ट्रॅक्टरचा खांदा सुजत नाहीं. तो वांकडी ट्रॉलीहि मुकाट्यानें ओढतो, आणि जें नुकसान व्हावयाचें तें टायरांत व डिझेलांत होत राहतें.

दोन चाकी ट्रॉलीच्या भाराचा कांहीं अंश आंसावर व कांहीं अंश ट्रॅक्टरच्या हुकावर टेकतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत ज्या वाहनाच्या भाराचा अंश अशा रीतीनें ओढणाऱ्या वाहनावर पडतो त्यास सेमी-ट्रेलर म्हटलें आहे. कायद्याच्या वर्गवारींत कोणती ट्रॉली कोठें बसते हा वाद येथें नको. परंतु चालीच्या दृष्टीनें आपली दोन चाकी ट्रॉली व मालमोटारींच्या मागील लांबलचक सेमी-ट्रेलर यांचा स्वभाव एकच. पुढें एक पिन, मागें आंस, आणि आंसाचा मध्य पिनीच्या मागोमाग यावा एवढीच अपेक्षा. ही अपेक्षा पुरी होण्यास एकच अट आहे: पिनीच्या मध्यापासून आंसाच्या डाव्या टोंकापर्यंतचें अंतर व उजव्या टोंकापर्यंतचें अंतर हीं दोन्ही सारखीं पाहिजेत. हीं सारखीं असलीं म्हणजे चाकें ट्रॅक्टरच्या मागें बरोबर येतात. मग साटा कसाहि दिसो. हीं सारखीं नसलीं तर चाकें सरकणारच. मग साटा कितीहि देखणा असो.

ज्यांस हिशेबाची आवड आहे त्यांच्याकरितां एक उदाहरण देतों. दोन चाकांमधील अंतर ५ फूट, म्हणजे ६० इंच आहे असें समजा. पिनीपासून आंस १२ फूट, म्हणजे १४४ इंचांवर आहे. आंस तिरपा बसल्यामुळें उजवें चाक डाव्या चाकापेक्षां १ इंच पुढें आलें आहे. त्रैराशिकानें, ६० इंचांस १ इंच तर १४४ इंचांस किती ? उत्तर २ इंच ४ दशांश, म्हणजे सुतारी भाषेंत दोन इंच तीन सूत. इतकी चाकें ट्रॅक्टरच्या रेषेबाहेर पडतील, आणि तीं डावीकडे पडतील, कारण जें चाक मागें राहिलें असतें त्या अंगासच ट्रॉलीचें शेपूट जातें. ट्रॉलीचा मागचा आडवा पिनीपासून २० फुटांवर असेल तर तो ४ इंच सरकेल. आंसांतील एक इंच डोळ्यास दिसत नाहीं. शेपटीचे चार इंच दिसतात.

आतां त्या ट्रॉलीच्या मागच्या हुकास दुसरी ट्रॉली जोडा. दुसरी ट्रॉली स्वतः निर्दोष असली तरी ती पहिलीच्या हुकामागें जाणार, म्हणून तीहि ४ इंच डावीकडे चालेल. तिच्यांतहि तोच दोष त्याच अंगास असेल तर तिचीं चाकें ४ अधिक २.४, म्हणजे जवळजवळ साडेसहा इंच बाहेर जातील. एकाच वर्कशॉपांत, एकाच सांच्यावर तयार झालेल्या दोन ट्रॉल्यांत दोष एकाच अंगास असणें यांत नवल नाहीं. म्हणून जोड ट्रॉल्यांत मागची फार सरकते असें दिसलें तर दोष मागचीचाच असेल असें धरून चालूं नये. प्रथम पुढची मोजावी.

एका आंसाच्या ट्रॉलीस एक सवलत आहे. तिचा आंस तिरपा असला तरी ती सबंध तिरपी होऊन आपल्या चाकांस सोईची दिशा शोधून घेते, त्यामुळें टायर फारसे घासत नाहींत. रस्त्यावरील जागा मात्र जास्त खाल्ली जाते. ज्या ट्रॉलीस एकामागें एक असे दोन आंस आहेत तिची गोष्ट वेगळी. तेथें दोन्ही आंस परस्परांशीं समांतर नसतील तर एक चाकजोडी एकीकडे जाऊं म्हणते व दुसरी दुसरीकडे. दोन बैलांनीं दोन दिशांस ओढावें तसा हा प्रकार. वरच्याच प्रमाणांत, म्हणजे ६० इंचांत १ इंच, असा फरक दोन आंसांत असेल व दोन्ही आंसांनीं तो सारखा वाटून घेतला, तर प्रत्येक चाकजोडी दर किलोमीटरास हिशेबानें ८ मीटरांहून अधिक आडवी ओढली जाते. कारखाना २० किलोमीटरांवर असला तर एका खेपेच्या जाण्यायेण्यांत हें आडवें घासणें ३३३ मीटर भरतें. हंगामांत खेपा किती होतात तें ज्याचें त्यानें मांडून पाहावें. टायर "लौकर गेला" अशी तक्रार करणाऱ्यांनीं टायरवाल्याकडे जाण्यापूर्वीं हा गुणाकार करावा.

चार चाकी ट्रॉलींत पुढचा आंस फिरत्या तबकडीवर बसविलेला असतो व दांड्याबरोबर वळतो. तेथें पुढच्या आंसाचें माप दांड्याच्या पिनीपासून व मागच्या आंसाचें माप तबकडीच्या मध्यापासून घ्यावें. तत्त्व तेंच. तबकडीची झीज मात्र वेगळी तपासावी लागते.

आतां मोजण्याची रीत. आमची हयात महसूल खात्यांत गेली, आणि सोळा आण्यांची ३३ फुटी सांखळी धरणारे मोजणीदार आम्हीं पुष्कळ पाहिले. शेताच्या चारी बांधांचीं मापें बरोबर आलीं म्हणून शेताचा आकार ठरत नाहीं. कर्ण घेतला म्हणजेच तो ठरतो. गांवोगांवचे वेल्डिंगवाले नेमके येथेंच चुकतात. ते आंस चासीच्या उभ्या पट्टीशीं गुण्यानें काटकोनांत लावतात व काम झालें म्हणतात. परंतु चासीच जर तिरकी असेल, किंवा दांडा वांकून पिन मध्यापासून बाजूस गेली असेल, तर तो काटकोन काय कामाचा ? गुण्या खोटें सांगत नाहीं. तो चुकीच्या जागीं लावला जातो.

ट्रॉली रिकामी असावी. दोन्ही बाजूंच्या टायरांत हवा सारखी भरावी. जमीन सपाट पाहिजे. गोदामाची फरशी उत्तम, ती नसेल तर चांगलें चोपलेलें खळें चालेल. डांबरी रस्ता कामाचा नाहीं, कारण तो मध्यें उंच व कडांस उतरता असतो. ट्रॉली ट्रॅक्टरनें पंधरा-वीस पावलें अगदीं सरळ पुढें ओढून हलकेच थांबवावी. मागें रेटून उभी केलेली ट्रॉली कधींहि मोजूं नये. बुशांतील व पाट्यांतील ढिलाई उलट्या अंगास बसते व माप फसवें येतें.

नंतर पिनीच्या मध्यांतून ओळंबा सोडून जमिनीवर खडूनें खूण करावी. आंसाच्या दोन्ही टोंकांच्या मध्यांतून तशाच दोन खुणा कराव्या. टोंकावर टोपी असल्यास ती काढून खुद्द आंसाच्या दांड्याचा मध्य धरावा. एक टोपी चेपलेली व दुसरी धड असली म्हणजे तीवरून घेतलेलें माप व्यर्थ जातें. ट्रॉली पुढें काढून घ्यावी. आतां जमिनीवर तीन खुणा राहिल्या. पिनीच्या खुणेपासून दोन्ही खुणांपर्यंत पोलादी फितीनें मोजावें. कापडी फीत ताणली जाते, ती घेऊं नये. आणि फीत ओढणाऱ्यानें दोन्ही वेळां सारख्याच जोरानें ओढावी. मालमोटारींच्या सेमी-ट्रेलरांसाठीं कारागिरांत असें प्रमाण रूढ आहे कीं, पिनीपासून पहिल्या आंसाच्या दोन टोंकांच्या अंतरांत १ सुताहून, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाहून, अधिक फरक नसावा; व पुढच्या-मागच्या आंसांतील अंतर दोन्ही बाजूंस मोजलें असतां अर्ध्या सुताहून अधिक फरक नसावा. आमच्या ट्रॉल्या इतक्या काटेकोर कामाच्या नसतात हें आम्ही जाणतों. तथापि दोन सुतांवर फरक निघाला तर तो दुरुस्तीस योग्य समजावा.

फरक निघाला म्हणून लगेच आंस फिरवावयास धांवूं नये. येथें एक फसगत आहे व तींत चांगले चांगले मिस्त्री सांपडतात. आंस तिरपा नसून नुसता आडवा, म्हणजे डावीकडे किंवा उजवीकडे, सरकलेला असला तरीहि दोन्ही अंतरें असमान येतात. वरच्या उदाहरणांतील ट्रॉलींत आंस १ इंच आडवा सरकला तर दोन अंतरांत सुमारें तीन सूत फरक पडतो, जरी आंस चासीशीं अगदीं काटकोनांत असला तरी. म्हणून चासीच्या पट्टीपासून दोन्ही चाकांच्या आंतल्या कडेपर्यंतचें अंतरहि मोजावें. तें एका बाजूस अधिक व दुसऱ्या बाजूस कमी असेल तर आंस सरकला आहे. तो परत मध्यावर आणला कीं पहिला फरक आपोआप नाहींसा होतो. तो तसाच ठेवून फिरवून दुरुस्त केला तर चाकें रेषेंत येतील खरीं, परंतु साटा तिरपा होईल, आणि धनी म्हणेल कीं मिस्त्रीनें बिघडविली.

यावरून एक सोपी परीक्षा निघते, तिला फीतहि लागत नाहीं. ट्रॉली सरळ रस्त्यानें जात असतां मागून दूर उभें राहून पाहावें. साट्याच्या बाजू रस्त्याशीं तिरप्या दिसतात, कीं साटा सरळच आहे पण सगळीच ट्रॉली बाजूस चालते ? तिरपी असेल तर आंस फिरलेला आहे. सरळ असून बाजूस असेल तर एक तर आंस आडवा सरकला आहे, नाहीं तर दांडा वांकून पिन मध्यावर राहिलेली नाहीं. पावसानंतर ओल्या जमिनीवर उठलेले चाकांचे माग पाहिले तरी तेंच कळतें. फक्त ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या चाकांमधील रुंदी निरनिराळी असते, ती लक्षांत धरून दोन्ही अंगांचा फरक काढावा.

आंस फिरतो तो कशामुळें, हें आतां पाहावयाचें. पाट्यांच्या ट्रॉलींत आंस पाट्यांस यू-बोल्टांनीं आवळलेला असतो, व पाट्यांच्या मधून जाणारा बोल्ट त्यास जागेवर धरतो. यू-बोल्ट ढिले पडले म्हणजे सगळा ताण या एका मधल्या बोल्टावर येतो, आणि तो एक दिवस तुटतो. तुटल्याचा आवाज उसाच्या भाराखालीं कोणास ऐकूं येत नाहीं. त्या बाजूचा आंस हळूहळू मागें सरकूं लागतो. आमच्या माहितींतील वांकड्या ट्रॉल्यांत हें कारण सर्वांत अधिक वेळां निघालें आहे, आणि हेंच सर्वांत स्वस्त कारण आहे. पाट्यावर आंसाच्या बैठकीच्या पुढें किंवा मागें घासून चकचकीत झालेली पट्टी दिसली तर दुसरा पुरावा पाहण्याची गरज नाहीं.

त्या खालोखाल मुख्य पाटा मोडणें, पाट्याच्या डोळ्यांतील बुश झिजणें, व पाटा ज्या ब्रॅकेटांत अडकविलेला असतो त्यांच्या जोडास तडा जाणें. तड्यावर रंग चढलेला असतो; म्हणून जोड तारेच्या ब्रशानें घासून मग पाहावा. तडा गेलेल्या ठिकाणीं गंजाची तांबडी रेघ उमटलेली दिसते. चौथें कारण आंसच वांकणें. ज्या ट्रॉलीवर तिच्या ताकदीच्या दीडपट ऊस रचला जातो तिचा आंस मध्यें खालीं लवतो, चाकांचे माथे आंत झुकतात, आणि टायरांच्या आंतल्या कडा आधीं जातात. एक चाक खड्ड्यांत जोरानें आदळून किंवा पाटाच्या मोरीच्या कठड्यास लागून आंसाचें एकच टोंक मागें वांकलें असेल तर त्या बाजूचें चाक आपल्या जोडीदाराशीं समांतर राहत नाहीं.

पांचवें कारण चासी. भरलेली ट्रॉली चिखलांत रुतली असतां ट्रॅक्टर तिरपा घालून हिसके दिले म्हणजे चासीचा आयत तिरका होतो. कर्ण मोजले कीं तें कळतें: दोन्ही कर्ण सारखे नसतील तर चासी गेली. परंतु येथें वर सांगितलेली गोष्ट ध्यानांत ठेवावी. चासी थोडी तिरकी असूनहि आंस पिनीशीं जुळवून घेतला तर चाकें सरळ चालतात. चासी सरळ करणें हें मोठें खर्चाचें काम आहे. केवळ चालीसाठीं तें करण्याची गरज क्वचितच पडते.

कित्येक ट्रॉल्या जन्मतःच वांकड्या असतात. वर्कशॉपांत मागणी दाटली म्हणजे ओबडधोबड जमिनीवर लोखंड मांडून ब्रॅकेटें डोळ्यांच्या अंदाजानें जोडतात, आणि वरून रंग व वेलबुट्टी अशी काढतात कीं घेणाऱ्याचें लक्ष खालीं जाऊंच नये. एका बागाईतदारानें अशीच नवी ट्रॉली घेतली. दोन हंगामांत टायरांच्या तीन जोड्या संपल्या, मग मोजली, तों ब्रॅकेटें पाऊण इंच पुढेंमागें. वर्कशॉपवाल्यानें "दोन वर्षांनीं काय सांगतां ?" म्हणून हात झटकले, व आम्हांस वाटतें कीं त्याचें म्हणणें अगदींच गैर नव्हतें. ट्रॉली ताब्यांत घेण्यापूर्वीं, पैशाचा शेवटचा हप्ता देण्याआधीं, वरच्या रीतीनें मापें घ्यावीं व तीं पावतीच्या पाठीवर लिहून वर्कशॉपवाल्याची सही घ्यावी. जो सही देण्यास कांकूं करील त्याची ट्रॉली घेऊं नये.

आतां कांहीं चुकीच्या समजुतींविषयीं. एका बाजूस नवा व दुसऱ्या बाजूस झिजलेला टायर असला म्हणजे ट्रॉली लहान चाकाकडे वळते, असें पुष्कळजण खात्रीनें सांगतात. ट्रॉलीचीं चाकें आपापल्या बेअरिंगांवर निरनिराळीं फिरतात. लहान चाक फक्त अधिक फेरे घेतें. भार किंचित् कलतो एवढेंच. हवा कमी असलेला टायर मात्र जड फिरतो व आपल्या अंगास थोडें ओढतो, तसेंच आवळलेलें बेअरिंग किंवा न सुटणारा ब्रेकहि ओढतो. याची परीक्षा हातानें होते: दहा किलोमीटर चालवून दोन्ही हबांस सांभाळून हात लावून पाहावा, एक कोमट व एक चटका देणारें असेल तर दोष तेथें आहे. दुसरी समजूत अशी कीं, ट्रॉली डावीकडे सरकते म्हणजे नक्कीच वांकडी आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतों व रस्त्यास तिकडे उतार असतो, म्हणून निर्दोष ट्रॉलीहि किंचित् डावीकडे उतरते. सपाटीवर पाहिल्याखेरीज निकाल देऊं नये.

टायरच्या झिजेवरून पुष्कळ वाचतां येतें. तळहात टायरवरून आडवा, एकदां आंत व एकदां बाहेर, फिरवावा. एकीकडे जातांना गुळगुळीत व परततांना करवतीसारखें लागलें तर टायर आडवा घासला जात आहे. एकाच आंसावरील दोन्ही टायर एकाच दिशेस करवतीसारखे लागत असतील तर सबंध आंस फिरलेला आहे. दोन्हींची दिशा परस्परविरुद्ध असेल तर आंस वांकून चाकें समोरासमोर किंवा फांकलेलीं झालीं आहेत.

येथवर जी चाल सांगितली ती कायमची एका अंगास सरकण्याची. ट्रॉली कधीं डावीकडे, कधीं उजवीकडे झोके घेत असेल तर तो निराळा रोग आहे, व तो अधिक घातकी आहे. त्याचें कारण बहुधा हुकांतील झिजलेली पिन व रुंदावलेलें भोंक, टायरांतील कमी हवा, किंवा मागें भारी झालेला भार. गाडी उलाळ झाली म्हणजे जूं वर उचललें जातें हें ज्यानें बैलगाडी हांकली आहे त्यास सांगावयास नको; दोन चाकी ट्रॉलींतहि ऊस मागें अधिक रचला तर हुकावरचा दाब जातो, ट्रॅक्टरचीं मागचीं चाकें हलकीं होतात, आणि उतारावर वेग वाढतांच शेपूट हलूं लागतें. असा झोका सुरू झाल्यास ड्रायव्हरनें वेग हळूहळू कमी करावा. स्टिअरिंग उलटसुलट फिरवून झोका मोडूं पाहूं नये.

दुरुस्तीविषयीं थोडें. वांकलेला आंस भट्टींत किंवा गॅसच्या ज्योतींत तापवून सरळ करूं देऊं नये. तापविल्यानें पोलादाचें पाणी जातें व तो सरळ झालेला आंस पुढच्या भाराखालीं अधिकच लौकर वांकतो, प्रसंगीं तुटतो. दाबयंत्रावर थंडच सरळ करणारा जाणता कारागीर मिळाला तर ठीक, नाहीं तर नवा घ्यावा. आंसास कोठेंहि वेल्डिंगचा टांका मारूं देऊं नये. यू-बोल्ट एकदां उघडले म्हणजे नवे घालावे. जुन्यांचे आटे ताणलेले असतात व ते आवळलेले भासले तरी धरत नाहींत. मधला बोल्टहि नवाच घालावा. ब्रॅकेट मूळचेंच चुकीच्या जागीं असेल तर तें कापून योग्य जागीं पुन्हां जोडावें. मध्यें पत्र्याचे तुकडे घालून वेळ मारून नेऊं नये. काम झाल्यावर पैसे देण्यापूर्वीं त्याच खळ्यावर, त्याच रीतीनें, पुन्हां माप घ्यावें.

नव्या यू-बोल्टांचे नट पहिल्या भरलेल्या खेपेनंतर एकदां व आठ दिवसांनीं पुन्हां एकदां आवळावे लागतात, कारण पाटे भाराखालीं दबून बसतात. हें न केल्यामुळें केलेली दुरुस्ती महिन्याच्या आंत फुकट जाते. दसऱ्यास आपण ट्रॅक्टर व ट्रॉली धुऊन त्यांस हळदकुंकू वाहतों. त्याच दिवशीं, ट्रॉली रिकामी व धुतलेली असतां, दोन्ही अंतरें मोजून एका वहींत तारीख घालून लिहून ठेवावीं. हंगामाच्या मध्यावर पुन्हां एकदां मोजून त्याच पानावर खालीं लिहावीं.